आवाजावर मालकी कोणाची?

ऑस्ट्रेलियात निवृत्तिवेतन, बेकारभत्ता आणि अपंगांचे साहाय्य ज्या सरकारी यंत्रणेमार्फत दिले जाते, त्या सेंटरलिंकने लाभार्थींची ओळख पटविण्यासाठी त्यांच्या आवाजाचा उपयोग सुरू केला होता. दूरध्वनीवर एक ठराविक वाक्य उच्चारले की यंत्र ते पूर्वी साठविलेल्या आवाजाशी ताडून पाही आणि जुळल्यास पुढचा मार्ग मोकळा करी. मार्च २०२३ मध्ये ‘गार्डियन’ या वृत्तपत्राच्या तेथील एका पत्रकाराने आपल्याच बोलण्याच्या अवघ्या चार मिनिटांच्या ध्वनिमुद्रणावरून संगणकाकरवी कृत्रिम आवाज तयार करविला. तो आवाज आणि आपला ग्राहक क्रमांक एवढ्या सामग्रीवर त्याने स्वतःच्या खात्यात प्रवेश मिळविला. ज्या कुलपावर बेकारांच्या आणि वृद्धांच्या उपजीविकेची भिस्त ठेवण्यात आली होती, ते बाजारात सहज मिळणाऱ्या किल्लीने उघडले.

या घटनेकडे केवळ एका यंत्रातील दोष म्हणून पाहणे चूक ठरेल. आवाज ओळखणारी यंत्रे आज बँकांत, विमा कंपन्यांत, कॉल सेंटरांत, तुरुंगांत आणि मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यांत येऊन बसली आहेत. ती कोणाच्या सोयीसाठी आणली गेली, त्यांच्या चुकीची किंमत कोण मोजतो आणि माणसाचा आवाज एकदा साठविला गेला की त्यावर सत्ता कोणाची, हे प्रश्न तंत्रज्ञांवर सोपवून चालणार नाही. ते राजकीय प्रश्न आहेत.

आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण जाहिरातदार तो हेतुपुरस्सर पुसट ठेवतात. काय बोलले गेले हे ओळखणे ही एक गोष्ट, आणि कोण बोलले हे ओळखणे ही अगदी निराळी गोष्ट. पहिल्या प्रकारात यंत्र शब्द ऐकते आणि त्यांचे लिपीत वा आज्ञेत रूपांतर करते. दुसऱ्या प्रकारात शब्दांना महत्त्व नसते; यंत्र बोलणाऱ्या व्यक्तीची खूण टिपते. पहिले तंत्र माणसाचे ऐकून घेते, दुसरे माणसाला ओळखून ठेवते. ‘बोलून काम होते’ या आकर्षणाखाली लोक पहिल्याचे स्वागत करतात आणि त्याच दारातून दुसरे आत शिरते.

हे दुसरे तंत्र चालते कसे? प्रत्येक माणसाच्या घशाची, तोंडाची आणि नाकाच्या पोकळीची घडण वेगळी असते, आणि बोलण्याची लकबही. यंत्र ध्वनीचे सूक्ष्म तुकडे करून त्यांतील कंपनांची मोजमापे घेते आणि त्यांचा एक आकड्यांचा ठसा तयार करते. नवा आवाज आला की तो या ठशाशी ताडला जातो. मात्र यंत्राचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे नसते. ते फक्त साम्य किती, एवढेच सांगते. किती साम्याला ‘होय’ मानावे ही रेषा संस्था आखते. रेषा खाली आणली तर तोतयाला वाव मिळतो; वर नेली तर खरा धनीच बाहेर राहतो. पडशाने बसलेला घसा, म्हातारपणाने कापणारा आवाज, स्वस्त दूरध्वनी आणि खरखरणारी लाइन यांचा भार दुसऱ्या चुकीवर पडतो, आणि ती चूक गरिबाच्या वाट्याला अधिक येते. रेषा कोठे आखावी हा निर्णय वरवर तांत्रिक दिसतो. प्रत्यक्षात कोणाचे नुकसान सोसण्याजोगे आहे याचा तो निवाडा असतो.

या तंत्राचा जन्मही बाजारात झालेला नाही. ध्वनीचे चित्र काढणारे यंत्र अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विकसित झाले. त्याच प्रयोगशाळेतील लॉरेन्स कर्स्टा यांनी १९६२ मध्ये बोटांच्या ठशाच्या धर्तीवर आवाजाच्या ठशाची कल्पना मांडली आणि पोलिसांनी ती उचलून धरली. परंतु खुद्द एफबीआयच्या विनंतीवरून अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने १९७९ मध्ये या पद्धतीचा आढावा घेतला, तेव्हा न्यायालयात तिचा उपयोग अत्यंत सावधगिरीने करावा, असाच सल्ला दिला. दुसऱ्या गोटातही चित्र वेगळे नव्हते. मॉस्कोजवळील मार्फिनो येथे स्टालिनच्या राजवटीने बंदिवान शास्त्रज्ञांची प्रयोगशाळा चालविली होती. अमेरिकन वकिलातीला दूरध्वनी करणारा माणूस कोण हे आवाजावरून शोधण्याचे काम १९४९ मध्ये तेथील लेव्ह कोपेलेव्ह या बंदिवानावर सोपविले गेले. त्यांचे सहबंदी सोल्झेनित्सिन यांच्या ‘द फर्स्ट सर्कल’ या कादंबरीचा आधार हाच प्रसंग आहे. आवाजावरून माणूस हुडकण्याची हौस कोणा एका व्यवस्थेची मक्तेदारी नाही. नागरिकाविषयी साशंक असणाऱ्या प्रत्येक सत्तेला ती असते. समाजवाद्यांनी हे विसरता कामा नये.

बँकांनी हे तंत्र स्वीकारले तेव्हा ग्राहकाला सांगितले गेले की, आता सांकेतिक शब्द लक्षात ठेवण्याची कटकट संपली. आपल्याकडेही आयसीआयसीआय बँकेने २०१५ मध्ये दूरध्वनी सेवेसाठी आवाजावरून ओळख पटविण्याची सोय जाहीर केली. ब्रिटनमध्ये एचएसबीसी बँकेच्या अशाच व्यवस्थेची परीक्षा २०१७ मध्ये बीबीसीच्या एका पत्रकाराने घेतली. त्याच्या जुळ्या भावाने, जो दिसण्यात हुबेहूब नव्हता, निव्वळ नक्कल करून अनेक प्रयत्नांअंती खात्यातील शिल्लक पाहिली. त्या वेळी नक्कल करायला निदान भाऊ लागला. पुढे तेही लागेनासे झाले. जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तीन सेकंदांच्या नमुन्यावरून आवाज उभा करणारी पद्धत मांडली. मार्च २०२४ मध्ये ओपनएआय या कंपनीने पंधरा सेकंदांच्या नमुन्यावर चालणारे आपले साधन जाहीर करताना, बँक खात्यांसाठी आवाजावर आधारित ओळख टप्प्याटप्प्याने बंद करावी, अशी शिफारस केली. चोराच्या हाती पडेल असे हत्यार घडविणाऱ्यानेच कुलूप बदलण्याचा उपदेश करावा, हा या अर्थव्यवस्थेचा नमुनेदार न्याय आहे. तरीही तो उपदेश खरा आहे.

खरा अशासाठी की सांकेतिक शब्द चोरीस गेला तर बदलता येतो. आवाज बदलता येत नाही. शिवाय शब्द गुप्त ठेवता येतो, पण आवाज कसा ठेवणार? जो शिक्षक वर्गात बोलतो, जो कार्यकर्ता सभेत भाषण करतो, जो फेरीवाला दिवसभर हाळी देतो, त्यांचा आवाज चव्हाट्यावरच असतो. सार्वजनिक जीवनात बोलणे हे ज्यांचे कर्तव्य आहे, त्यांनी आपल्या बचतीची किल्ली रोज माळावर फेकावी, अशी ही योजना आहे.

आता संमतीचा प्रश्न. ब्रिटनच्या महसूल व सीमाशुल्क खात्याने जानेवारी २०१७ मध्ये करदात्यांकडून ‘माझा आवाज हाच माझा सांकेतिक शब्द’ अशा अर्थाचे वाक्य वदवून घेण्यास सुरुवात केली आणि सुमारे ७० लक्ष लोकांचे आवाज गोळा केले. नकार देता येतो हे लोकांना नीट सांगितले गेले नव्हते. ‘बिग ब्रदर वॉच’ या नागरी हक्क संघटनेने तक्रार केली. माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने मे २०१९ मध्ये हा संग्रह नियमबाह्य ठरविला आणि ज्यांची स्पष्ट संमती नव्हती, असे सुमारे ५० लक्ष ठसे नष्ट करण्याचा आदेश दिला. सरकारी खात्याने जनतेच्या आवाजाचा साठा करावा आणि एका छोट्या संघटनेच्या चिकाटीने तो पुसला जावा, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. संघटित आग्रहापुढे यंत्रेही माघार घेतात, हा तिचा धडा आहे.

ब्रिटनच्या करदात्याला निदान तक्रार करता आली. तुरुंगातील माणसाला ती मुभा कोठून असणार? अमेरिकेतील अनेक तुरुंगांत कैद्यांच्या आवाजाचे ठसे घेतले जात असून ते न दिल्यास घरच्यांशी दूरध्वनीवर बोलण्याची सवलत जाते, आणि पलीकडून बोलणाऱ्या नातेवाइकांचे आवाजही साठविता येतात, हे जानेवारी २०१९ मध्ये तेथील पत्रकारांनी उघडकीस आणले. आईशी बोलण्याची किंमत म्हणून आवाज द्यायचा, याला संमती म्हणत नाहीत. चीनमध्ये शिनजियांग प्रांतात सामान्य नागरिकांचे आवाज पोलीस गोळा करीत असल्याचे ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने २०१७ मध्ये नोंदविले.

भारतात ही वाट कायद्यातूनच रुंद होत गेली आहे. ‘मुंबई राज्य विरुद्ध काठी काळू ओघड’ या १९६१ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायमूर्तींनी, बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, असे ठरविले होते. आवाजाच्या नमुन्याला फौजदारी प्रक्रिया संहितेत स्पष्ट आधार नव्हता. २०१२ मध्ये या प्रश्नावर दोन न्यायमूर्तींचे मत विभागले गेले. अखेर ‘रितेश सिन्हा’ प्रकरणात ऑगस्ट २०१९ मध्ये, संसद तरतूद करीपर्यंत न्यायदंडाधिकाऱ्याला तसा आदेश देता येईल, असे न्यायालयाने सांगितले. संसदेने तरतूद केली ती मात्र अधिक सैल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४९ नुसार न्यायदंडाधिकारी कारणे नोंदवून, अटक न झालेल्या व्यक्तीलाही आवाजाचा नमुना देण्यास फर्मावू शकतो. त्याआधी २०२२ च्या ओळख कायद्याने कैद्यांची आणि अटकेतील व्यक्तींची मोजमापे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे ७५ वर्षे ठेवण्याची तरतूद केली. त्यात आवाजाचे नाव नाही. पण ‘वर्तनविषयक गुणविशेष’ हा शब्दप्रयोग पुरेसा ऐसपैस आहे. आंदोलनात पकडला गेलेला तरुण पंचाहत्तर वर्षे यंत्राच्या स्मरणात राहील अशी सोय असेल, तर तो आणि त्याचे मित्र दूरध्वनीवर मोकळेपणाने बोलतील काय?

गुन्हे उघडकीस यावेत याविषयी वाद नाही. लाचखोराचे ध्वनिमुद्रण हाती लागले तर त्याचा आवाज न्यायालयाच्या आदेशाने तपासला गेलाच पाहिजे. विशिष्ट गुन्हा, विशिष्ट संशयित, न्यायालयाचा सकारण आदेश आणि खटला संपताच नमुन्याचा नाश, एवढ्या मर्यादा पाळल्या तर त्या तपासाला कोणी आक्षेप घेणार नाही. आक्षेप आहे तो एका प्रकरणासाठी घेतलेल्या नमुन्याची कायमची पेढी बनविण्याला.

नागरिकाला संरक्षण म्हणून जो कायदा दाखविला जातो, त्याची अवस्था काय? माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ च्या नियमांनी आवाजाच्या ठेवणीला संवेदनशील माहितीत गणले होते. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात संवेदनशील माहितीचा वेगळा वर्गच ठेवलेला नाही. ‘नोकरीच्या प्रयोजनासाठी’ मालक कामगाराची माहिती संमतीविना वापरू शकतो; केंद्र सरकार आपल्या मर्जीतील यंत्रणांना सुरक्षेच्या नावाखाली सूट देऊ शकते. दंडाची मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे खरी, पण ती रक्कम सरकारी तिजोरीत जाते. ज्याचा आवाज चोरला गेला त्याच्या हाती काहीच पडत नाही. अमेरिकेतील इलिनॉय राज्याने २००८ मध्येच केलेल्या कायद्यात आवाजाच्या ठशाचा नामोल्लेख आहे, आधी लेखी संमती घेण्याची सक्ती आहे आणि पीडित व्यक्तीला स्वतः दावा लावून भरपाई मिळविण्याचा हक्क आहे. भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यातील एका राज्याला जे जमले, ते स्वतःला लोकशाही समाजवादी म्हणविणाऱ्या प्रजासत्ताकाला अशक्य का वाटावे?

ग्राहकोपयोगी यंत्रांची कथा याहून वेगळी नाही. घरात ठेवलेले बोलके उपकरण ‘आपोआप’ शिकते, असा समज पसरविला गेला. ॲमेझॉनच्या अलेक्साचे ध्वनिमुद्रण ऐकून लिहून काढण्याचे काम बोस्टन, कोस्टा रिका, रुमानिया आणि भारत येथील माणसे करीत होती. त्यांपैकी काहींना नऊ तासांच्या पाळीत हजारापर्यंत तुकडे ऐकावे लागत, हे ‘ब्लूमबर्ग’ने एप्रिल २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे यंत्राच्या कानामागे कामगाराचाच कान होता. ॲपलच्या सिरीचे ध्वनिमुद्रण कंत्राटी कामगार ऐकतात हे त्याच वर्षी बाहेर आले. कंपनीने ते काम थांबविले आणि आयर्लंडमधील शेकडो कंत्राटी कामगारांचा रोजगार गेला. मुलांची ध्वनिमुद्रणे जपून ठेवल्याबद्दल ॲमेझॉनने मे २०२३ मध्ये २.५ कोटी डॉलर भरण्याचे कबूल केले. जानेवारी २०२५ मध्ये ॲपलने, दोष मान्य न करता, ९.५ कोटी डॉलरची तडजोड पुढे केली. या कंपन्यांच्या उलाढालीपुढे ही रक्कम म्हणजे किरकोळ खर्च होय.

श्रमाच्या बाजूने पाहिले तर हा इतिहास जुनाच आहे. अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीने १९९२ मध्ये बोललेले शब्द ओळखणारी यंत्रे बसविताना आपल्या एक तृतीयांशापर्यंत टेलिफोन ऑपरेटर कमी करण्याची योजना जाहीर केली. त्या नोकऱ्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. आता कॉल सेंटरमधील भारतीय कामगाराचे बोलण्याचे वळण ग्राहकाच्या कानाला रुचेल असे तत्क्षणी बदलून देणारे तंत्र वापरले जात असल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. आधी कामगाराचे हात यंत्राला जोडले, मग त्याचा वेळ, आणि आता त्याचा स्वर. कामगार संघटनांच्या करारांत या विषयाला अजून फारसे स्थान नाही, ही उणीव तातडीने भरून काढली पाहिजे.

म्हणून यंत्रच नको, अशी भूमिका घ्यायची काय? मुळीच नाही. ज्याला लिहिता-वाचता येत नाही, ज्याला दिसत नाही, ज्याच्या बोटांना पडद्यावरची अक्षरे साधत नाहीत, त्याला बोलून अर्ज करता आला, पिकाविषयी विचारता आले, तर तो मोठाच लाभ होय. साध्या दूरध्वनीवरून पैसे देण्याची ‘यूपीआय १२३ पे’ ही सोय मार्च २०२२ मध्ये सुरू झाली, आणि ‘हॅलो यूपीआय’ ही बोलून व्यवहार करण्याची पद्धत सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर झाली. या व्यवहारांत खातेदाराची खात्री पटते ती गुप्त क्रमांकाने. यंत्र सूचना ऐकते, आवाजाला ओळखपत्र बनवीत नाही. आरंभी सांगितलेला भेद व्यवहारात पाळता येतो, याचे हे उदाहरण आहे.

परंतु ऐकणाऱ्या यंत्रालाही सर्वांचे सारखे ऐकू येत नाही. अमेरिकेतील पाच बड्या कंपन्यांच्या यंत्रांची परीक्षा घेणाऱ्या २०२० च्या एका अभ्यासात, गोऱ्यांच्या बोलण्यात शंभर शब्दांमागे सरासरी १९ चुका झाल्या, तर काळ्यांच्या बोलण्यात ३५. मराठी ही २०११ च्या जनगणनेनुसार ८ कोटी ३० लक्ष लोकांची मातृभाषा आहे. पण अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, झाडीबोली बोलणाऱ्याचे यंत्राने ऐकले नाही, तर पुण्याच्या बोलीलाच पुन्हा एकदा शासनमान्यता मिळाल्यासारखे होईल. केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ प्रकल्प २०२२ पासून या क्षेत्रात आहे. सार्वजनिक पैशातून उभा राहिलेला हा ठेवा सार्वजनिकच राहिला पाहिजे. खेडोपाड्यांतील लोकांकडून ध्वनिमुद्रण करवून घेणाऱ्या ‘कार्य’ या संस्थेने तासाला सुमारे ५ डॉलर दर आणि तीच सामग्री पुन्हा विकली गेल्यास बोलणाऱ्याला वाटा, असे तत्त्व स्वीकारल्याचे २०२३ मध्ये वाचनात आले. बोलणे हे श्रम आहे आणि त्याचे दाम मिळाले पाहिजे, हे तत्त्व अपवाद न राहता नियम झाले पाहिजे.

या साऱ्यातून कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट होते. रेशन, निवृत्तिवेतन, रुग्णालय, रोजगार हमी अशा कोणत्याही सार्वजनिक सेवेसाठी आवाजाचा ठसा सक्तीचा असता कामा नये, आणि न देणाऱ्यासाठी खिडकीवर माणूस असलाच पाहिजे. अंगठा जुळला नाही म्हणून रेशन दुकानावरून परतलेल्यांना या मागणीचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. बँकांनी केवळ आवाजावर विसंबून व्यवहार करू नयेत आणि तसे केल्याने झालेले नुकसान बँकेनेच सोसावे. कायद्यात आवाजाच्या ठशाला संवेदनशील माहितीचा दर्जा, आधी लेखी संमती आणि पीडिताला थेट भरपाई यांची तरतूद व्हावी. कामगाराच्या आवाजाची तपासणी, साठवण वा त्यात फेरफार युनियनशी करार झाल्याखेरीज होऊ नये. पोलिसांनी घेतलेला नमुना निर्दोष सुटलेल्याच्या बाबतीत नष्ट केला जावा आणि तो नष्ट झाल्याचे त्याला लेखी कळविले जावे.

ग्राहक पंचायती, बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना, अंध-अपंगांच्या संस्था आणि नागरी हक्कांचे पाठीराखे वकील या मागण्यांवर एकत्र येऊ शकतात. आपल्या बँकेत, आपल्या कारखान्यात, आपल्या तालुक्याच्या कचेरीत आवाज साठविला जातो काय, कोणाच्या परवानगीने आणि किती काळासाठी, एवढे तीन प्रश्न लेखी विचारून या कामाचा आरंभ करता येईल. उत्तर न मिळाल्यास तेच पुढील आंदोलनाचे कारण ठरेल. गरिबाचे म्हणणे ऐकून घेण्यासाठी यंत्रे अवश्य यावीत. त्याच्यावर पाळत ठेवण्यासाठी त्याचा आवाज जमा करणाऱ्या यंत्रांना मात्र लोकशाहीत जागा असू नये.